साजिदाची निवड

माफीची मुदत संपायला चार दिवस उरले होते. साजिदाचं विमान संध्याकाळचं होतं, आणि दुपारी दोन वाजता ती नेहमीसारखी मृणालिनीचे केस धूत होती.

"पानी गरम तो नै ना, बाजी?"

"नहीं. कान के पीछे डाल थोडा."

मृणालिनीचे हातपाय सहा वर्षांपूर्वी गेले. मज्जातंतूंचा आजार. त्याआधी ती शारजातल्या एका शाळेत गणित शिकवायची. मान, आवाज आणि डोकं तेवढं शाबूत राहिलं, आणि तेवढ्याच्या जोरावर तिने एक हट्ट धरला. आपल्या अंगाला कोण हात लावणार, ते आपण ठरवणार. शारजातच रोल्ला भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर पाच बायका येऊन गेल्या. प्रत्येकीला तिने एकच विचारलं, मला उचलताना आधी काय करशील? कोणी म्हणाली चादर घट्ट धरीन, कोणी म्हणाली बिस्मिल्ला म्हणीन. साजिदा म्हणाली, "पहले तुमसे पूछूँगी." आपल्याकडे कागद नाहीत, हैदराबादहून ज्या घरच्या व्हिसावर आले तिथून पासपोर्ट टाकून पळाले, हेही तिने आपणहून सांगितलं. तिचा नवरा सुरेश नको म्हणत होता. मृणालिनीने तिलाच ठेवलं.

त्याला चार वर्षं झाली. कूस कधी बदलायची, गुडघ्याखाली उशी किती आत सरकवायची, भेटायला आलेल्यांसमोर खुर्चीत बसायचं की नाही, मृणालिनी सांगायची आणि साजिदा करायची. पाठीला एक जखम झाली नाही.

ऑगस्टमध्ये सरकारने जाहीर केलं. कागद नसलेल्यांनी ऑक्टोबरअखेरपर्यंत देश सोडला तर शिक्षा नाही, नंतर सापडलं तर जेल. साजिदाला भारतीय कॉन्सुलेटमधून आऊटपास, म्हणजे पासपोर्टाऐवजी घरी परतायचा कागद, मिळाला.

केस धुऊन झाल्यावर साजिदा आत नमाजाला गेली. सुरेश ऑफिसमधून लवकर आला होता. कंबरदुखीचा पट्टा सारखा करत तो मृणालिनीच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसला.

"मी तिला विचारलं," तो हळू आवाजात म्हणाला.

"काय?"

"थांबशील का म्हणून. बाजी बोले तो रुकूँगी, म्हणाली."

"आणि पकडलं तर?"

"खाली पाठवायचीच नाही. सामान मी आणतो. कोणाला कळणार आहे?"

"म्हणजे मी आहे तशी. चार भिंतींत."

सुरेश जमिनीकडे बघत म्हणाला, "मला उचलवत नाही गं आता. परवा बाथरूममध्ये माझे हात सुटत होते. तुला सांगितलं नाही."

"मला कळलं होतं," मृणालिनी म्हणाली.

साजिदा बाहेर आली तेव्हा तो उठून गॅलरीत गेला. साजिदाने तेलाची बाटली घेतली आणि केस विंचरायला बसली.

"तेरी बेटी कितने साल की हुई?"

"ग्यारा की."

"तू आई तब?"

"चार की थी." तिचा कंगवा थांबला. "तुम बोले तो मैं नै जाती, बाजी. अल्ला कसम. मेरी माँ है ना उसके पास."

मृणालिनीने डोळे मिटले. एका शब्दाचं काम होतं. सुरेशची कंबर, स्वतःची पाठ, पुढची सगळी वर्षं त्या एका शब्दाने सांभाळली गेली असती. त्या घरात आजवर तिचा शब्द कोणी मोडला नव्हता. साजिदाने तर नाहीच.

"जा," ती म्हणाली. "टॅक्सी रुकेगी नहीं."

साजिदाने वेणी घालायला बराच वेळ लावला. साडेचारला खालून हॉर्न वाजला.

पुढचे पाच दिवस सुरेशने रजा काढली. पाचव्या दिवशी मृणालिनीच्या डाव्या कुल्ल्यावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. सहाव्या दिवशी एजन्सीने रंजिताला पाठवलं. श्रीलंकेची, हॉस्पिटलात काम केलेली, सगळे कागद ठीक. तिला प्रश्न विचारून निवडायची सोयच नव्हती. दुसरी कोणी मिळतच नव्हती.

रंजिताने खोली पाहिली, हात धुतले, मृणालिनीच्या काखेखाली हात घातले आणि तिला पलंगावरून खुर्चीत ठेवलं. अगदी अलगद. कुठे दुखलं नाही. मृणालिनीने बोलायला उघडलेलं तोंड मिटलं तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती.

"शी इज लाइट, सर. नो प्रॉब्लेम," रंजिता सुरेशला म्हणाली. तिने एप्रनच्या खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. "मॅडम व्हॉट टाइम खाना? व्हॉट टाइम स्लीप? टॉयलेट?"

सुरेश सवयीने मृणालिनीकडे वळला. रंजिताने मात्र मान वळवली नाही. पेन वहीवर टेकवून ती सुरेशकडेच बघत राहिली. त्याचा एक हात कमरेवर होता. सहा दिवसांत तो पहिल्यांदाच सरळ उभा होता.

"तुम्हीच सांगा," मृणालिनी म्हणाली.

"मी?"

"हो. तुम्हालाच विचारतेय ती."

सुरेश एकेक वेळ सांगू लागला आणि रंजिता लिहून घेऊ लागली. तो दोनदा चुकला. मृणालिनी ऐकत होती. तिने दुरुस्त केलं नाही.