वेळेवर सुटलेली गाडी

"डोंगर उचल," अण्णाजी म्हणाले.

मुकेशने डोंगर हातगाडीवर घालून आणला होता. थर्माकोलचा डोंगर, वर प्लास्टर, पोटात बोगदा. मोटार वाइंडिंगचं दुकान बंद ठेवून त्याने तो केला होता, आणि दारातून आत घेताना त्याचं एक शिखर मोडलं होतं.

"काऊन? मस्त त दिसून राह्यला."

"आर्वी ते पुलगाव डोंगर कुठं हाये? मले दाखव."

"बोगद्यातून गाडी निघाली का पाह्यणारे खूश होतीन, अण्णाजी."

"पाह्यणारे गेले उडत. लाइन खरी पाह्यजे."

आर्वीतल्या एका मंगल कार्यालयाची मॅनेजरकी करण्यात अण्णाजींचा जन्म गेला होता. एवढ्या वर्षांत एकही लग्न मुहूर्तावर लागलं नाही. बाहेर वरात नाचत राहायची, आत भात थंड होत राहायचा, आणि अण्णाजी माइक हातात धरून "वरपक्षाने कृपया लवकर यावे" असं भिंतींना सांगत राहायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, मरायच्या आत निदान एक गोष्ट वेळेवर सोडायची. म्हणून ही आगगाडी. लहानपणी ते ज्या छोट्या गाडीने पुलगावला जायचे, ती कधीच बंद पडली होती. तिचीच नक्कल आता त्यांच्या बैठकीत, कार्यालयातून मोडीत निघालेल्या जेवणाच्या टेबलांवर उभी राहत होती.

इंजिन, डबे आणि रूळ त्यांनी नागपूरहून आणले. बाकी सगळं मित्रांचं. मुकेशने टेबलाखालून वायरी फिरवल्या. संत्र्याचे बागाईतदार बापूराव यांनी रुळांच्या कडेने झाडं लावली. शेजारी शिवणकाम करणाऱ्या ज्योत्स्नाताईंनी चिंध्यांचे प्रवासी केले. रोज संध्याकाळी चौघं जमायचे. रूळ वीतभर पुढे सरकायचा आणि गप्पा पार अमरावतीपर्यंत जाऊन यायच्या. चहा करून करून अण्णाजींची बायको, सुलोचनाबाई, कावली होती.

पण लाइन पुरी होत आली तशी अण्णाजींच्या अंगात मॅनेजर शिरला. मुकेशचा डोंगर आल्या हातगाडीने परत गेला. मग अण्णाजींची नजर झाडांवर पडली. बापूरावांनी प्रत्येक झाडाला संत्री लावली होती, रंगवलेल्या साबुदाण्याची.

"इथं बाभळी होत्या," अण्णाजी म्हणाले, आणि चिमट्याने एकेक संत्रं तोडू लागले.

बापूराव थोडा वेळ ती तोडणी बघत राहिले. "माह्या बगीच्याले जागा नाई, त मी तरी इथं कायले बसू?" ते म्हणाले आणि चपला घालून निघाले.

राहिल्या ज्योत्स्नाताई. त्यांचे प्रवासी होतेही तसेच. एक जण दारात पाय सोडून बसलेला, एक बोरं खाऊन बिया थुंकणारा, आणि एका बाईने तिकीट तपासणाऱ्याचीच कॉलर धरलेली. अण्णाजींनी सगळ्यांना डब्यातून खाली उतरवलं.

"माणसं बसवली का गाडी जड होते. टाइम चुकते."

ज्योत्स्नाताईंनी प्रवासी पदरात गोळा केले आणि घरी नेले.

त्यानंतर कोणी आलं नाही. काम मात्र झपाट्याने झालं.

आठवड्याभरात, एका संध्याकाळी, अण्णाजींनी घड्याळ समोर ठेवलं आणि बटण दाबलं. गाडी आर्वीहून वेळेवर सुटली. वाटेतल्या रोहण्याला वेळेवर थांबली. पुलगावात घड्याळाच्या काट्यावर काटा ठेवून शिरली. कोणी शिंकलं नाही, कोणी मधे हात घातला नाही. अण्णाजी समाधानाने खुर्चीत मागे रेलले. त्यांनी सुलोचनाबाईंना हाक मारली.

त्या पदराला हात पुसत आल्या. एक पूर्ण फेरी पाहिली.

"पोचली?"

"वेळेवर पोचली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग उद्यापासून काय करसान?"

आणि त्या भाजी बघायला गेल्या.

अण्णाजींनी पुन्हा बटण दाबलं. गाडी पुन्हा वेळेवर सुटली. तिसऱ्यांदाही सुटली. चौथ्यांदा तिच्याकडे बघताना त्यांना जांभई आली. गाडी रिकामी जात होती, रिकामी येत होती, आणि बैठकीत चार खुर्च्यांपैकी एकीवरच माणूस होता.

ते उठले. स्वयंपाकघरातून दुधाची पिशवी कापायची कात्री आणली. गुडघ्यांना शिव्या देत टेबलाखाली शिरले. थोड्या वेळाने बाहेर आले, कपडे झटकले आणि मुकेशला फोन लावला.

"गाडी बंद पडली रे. का झालं, काई समजत नाई. येजो एकदा."

पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"येतो."

"बापूरावले बी आणजो. अन् ज्योत्स्नाताईले."

"वायरीतलं बापूरावले का समजते?"

"आणजो म्हनलं ना."

तिघं आले. बापूराव फुगलेलेच होते, ज्योत्स्नाताई दारातच उभ्या राहिल्या. मुकेश टॉर्च घेऊन टेबलाखाली गेला. अण्णाजी वरून वाकून बघत होते, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कात्री खालीच राहिली.

टॉर्चचा उजेड वायरीवरून सरकत गेला आणि एका जागी थांबला. तिथं तुटलेल्या वायरीची दोन्ही टोकं नुकत्याच कापलेल्या नखासारखी साफ होती. शेजारी कात्री पडलेली. अण्णाजींनी डोळे मिटून घेतले.

"का झालं बे?" बापूरावांनी वरून विचारलं.

मुकेशने टॉर्च विझवला. मग हळूच बाहेर आला. त्याच्या शर्टाच्या खिशातून कात्रीची मूठ डोकावत होती. ती त्याने आत दाबली, एक खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसला.

"लय मोठा फॉल्ट हाये, अण्णाजी," तो म्हणाला. "आमाले रोज या लागन."