एक तरी गोल

कामतघरच्या आमच्या शाळेच्या मुली हॉकीत दर वर्षी एकाच खासगी शाळेकडून हरतात. त्या मुलींना टर्फ आहे, आमच्या मुली गोदामामागच्या मातीत खेळतात. म्हणून यंदा क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत ठरत होतं की, त्या खासगी शाळेचा संघ वरच्या गटात पाठवायचा. आमच्या भल्यासाठीच होतं सगळं, आणि मीच उठून म्हणालो, "या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षी पाठवा."

"सर, मार खायची हौस हाय काय तुम्हाला?" पडघ्याचे भरत सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

सामना झाला. आम्ही नऊ-एकने हरलो. आमचा एकुलता एक गोल पूर्वीने शेवटच्या मिनिटाला मारला.

"आता तरी पटलं?" भरत सरांनी विचारलं.

"पटलं. आता खुशाल पाठवा त्यांना वर."

माझ्या बायकोला, जागृतीला, हॉकीतलं काही कळत नव्हतं. पण या सामन्यावरून मी परत आलो की ती स्वयंपाकघरातून दर वर्षी एवढंच विचारायची, "एक तरी गोल मारला का त्यांना?" आणि दर वर्षी मला नाही म्हणावं लागायचं. गेल्या दिवाळीनंतर ती गेली.



घरी आलो, कुलूप काढलं, बूट सोडायला बराच वेळ लावला आणि मग कोणी न विचारताच सांगितलं, "मारला गं, एक मारला."