उजवा खिसा

१९९६ साली शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जाड कोट एकच होता, कुंदावहिनींचा. ब्रिटनला जाणारा प्रत्येक जण तोच मागून न्यायचा.

"रस्ता कळेनासा झाला तर उजव्या खिशात हात घाल, सिद्धार्थ," वहिनी म्हणाल्या.

त्यांची लेक मिहिका टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "बट डोन्ट पुल, अंकल."

मला संध्याकाळच्या आत साउदॅम्प्टन बंदरात जुनी क्रेन बघायची होती, नाहीतर सौदा खलास. हीथ्रोच्या बाहेर आलो तर चहूकडे बसच बस. गांगरून खिशात हात घातला.

आतून कुणीतरी माझं बोट धरलं. मूठ लहानशी होती, उबदार.

तिनं मला नेमक्या बसपाशी नेलं. पुढे बस बदलताना, बंदराच्या गेटांमधून, ती एकदाही चुकली नाही. इतक्या मायेनं मला कुणी कधी कुठं नेलं नव्हतं. घाबरायचं राहूनच गेलं. क्रेन मिळाली. लंडनमध्ये तर मी मुद्दाम खिशात हात ठेवून हिंडलो.

परतल्यावर कोट ड्रायक्लीन करून दिला. वहिनींनी उजवा खिसा चाचपला. त्यांचा चेहरा उतरला.

"रिकामा आणलास?"

मला हसू आलं. खाली भर दुपारच्या उन्हात माझी गाडी उभी होती. किल्लीसाठी पँटच्या खिशात हात घातला.

बोट धरलं गेलं. मूठ मला गाडीपासून दूर, एअरपोर्टच्या रस्त्याकडे नेऊ लागली.

मी हात ओढला.

मूठ घट्ट झाली.