उन्हाचं नाव काढायचं नाही

आणखी एक गडी बाद झाला की सामना घरच्या संघाच्या खिशात. आघाडी मात्र एकाच धावेची, आणि समोरच्यांचे दोघे मैदानात धावायला टपून उभे. गस राइनहोल्ड रेडिओवर हे सगळं रंगवून सांगत होता. त्याच्या मागे सावलीत खुर्ची टाकून प्रुइट नावाचा सरकारी माणूस बसला होता. जर्मनीशी युद्ध पेटलं होतं, आणि गस बेसबॉलच्या आडून जर्मनांना खुणा करतो, असं कोणीतरी कळवलं होतं. राइनहोल्डसारखं जर्मन आडनाव असल्यावर आणखी पुरावा कशाला लागतो?

"हवेबद्दल अक्षर काढायचं नाही," प्रुइटने माइकवर हात ठेवून पुन्हा बजावलं. "ऊन, पाऊस, वारा, काही नाही. शत्रूच्या पाणबुड्या ऐकताहेत."

इथे, समुद्रापासून शेकडो मैल आत, एरी तळ्याकाठी? गसच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी प्यारी होती. त्याने गिळलं.

टोला बसला. बॉल उंच गेला. खाली लिओ झेलिन्स्की होता. एका कानाने बहिरा म्हणून या धडधाकट पोराला सैन्याने नाकारलं होतं, आणि गावाला ते पटत नव्हतं. बहिरा कसला, पळपुटा आहे, असं न्हाव्याच्या दुकानात उघड चालायचं. झेल सोडत नाही, एवढ्यावर लोक त्याला सहन करत होते.

लिओने वर पाहिलं आणि तो जागीच थिजला. सूर्य थेट डोळ्यांत. बॉल त्याच्या पायाशी आपटला, समोरच्या दोघांनीही धावत धावा पुऱ्या केल्या. हातातला सामना निसटला.

"लिओने झेल सोडला," गस म्हणाला आणि अडखळला. पुढचा शब्द जिभेवर होता. मागे खुर्ची करकरली.

फोन वाजला. तो प्रुइटने घेतला. "लोक विचारताहेत," तो कुजबुजला, "पोट्ट्याने किती पैसे खाल्ले?"

गसला राहवेना. पोराची अब्रू चालली होती, आणि ती वाचवायला एक शब्द पुरला असता. तो शब्द टाळून त्याने दिसलं तेवढंच सांगितलं. "मंडळी, लिओ अजून तिथेच उभा आहे. वर बघतोय. हात कपाळाशी धरलाय. काय ते समजून घ्या."

फोन पुन्हा वाजला. या वेळी प्रुइट बराच वेळ ऐकत राहिला.

"एक बाई आहेत. मुलगा बोटीबरोबर बुडाला त्यांचा. म्हणतात, सामना विकून हा मेला वर सलाम कुणाला ठोकतोय?" त्याने गसकडे रोखून पाहिलं. "मलाही तेच विचारायचंय, राइनहोल्ड. ही खूण कसली?"

खाली प्रेक्षकांतही कोणाकोणाचे रेडिओ चालू होते; लिओच्या अंगावर बाटल्या पडू लागल्या. खेळ थांबला. पोलीस धावले. हे गसच्याच शब्दांनी झालं होतं.

काय चाललंय ते बघायला प्रुइट उठून खिडकीशी आला. मघाशी लिओ बघत होता तिकडे तोही बाहेर वाकून वर बघू लागला. त्याने पटकन डोळे बारीक केले आणि हात कपाळाशी नेला.

गसने माइक उचलून त्याच्या तोंडापुढे धरला.

"साहेब, हात कपाळाशी का गेला? सांगा ना लोकांना."

प्रुइटने तोंड उघडलं. मग मिटलं. हात मात्र तिथेच राहिला.