कोरडं कपाळ

डावखुऱ्याचं नाक मोडल्याचा आवाज आला तेव्हा ताईने टाळी वाजवली. तिसरी फेरी, शेवटची. तिच्या भावाने आणखी एक ठोसा कानशिलात ठेवून दिला आणि डावखुरा दोरांवर जाऊन आदळला. पंचाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त उडालं.

"डोकं! डोकं सोडू नकोस!" ती कोपऱ्यातून ओरडली. शेजारी उभे असलेले कोच खूश होऊन हसले.

बेत तिचाच होता. भावाचं खाणंपिणं तीच बघायची. चार महिने तिने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, भात तोलून, मीठसुद्धा तोलून. आई म्हणायची, तुझा नवरा एक दिवस उपाशी मरेल. आजच्या वजनात बसायला दोन्ही मुष्टियोद्ध्यांनी दोन दिवस पाणी तोडलं होतं. सकाळी वजनं झाली आणि गेलेलं पाणी अंगात परत भरायला सहा तास मिळाले. तिने भावाला घोटघोट मीठसाखरेचं पाणी पाजलं, मग मऊ भात, मग केळी. तो वैतागून म्हणाला, "ताई, मी काय बाळंतीण आहे?" रिंगमध्ये चढताना तिने त्याच्या कानात सांगितलं, "दोन फेऱ्या नुसता दमव. तिसरीत डोक्यावर जा. तो टिकायचा नाही." ही लढत जिंकली की भाऊ राष्ट्रीय संघात जाणार होता.

आणि खरंच, डावखुरा टिकत नव्हता. भाऊ घामाने निथळत होता. डावखुऱ्याचं कपाळ मात्र कोरडं ठणठणीत होतं. ओठ दातांना चिकटले होते. डोळे भावाकडे नव्हतेच, दिव्यांच्याही पलीकडे कुठेतरी लागले होते. तरी तो वेडा हात वर करून उभा होता. भावाने डावा मारला, मग उजवा. डावखुऱ्याची मान हाडच नसल्यासारखी हेलकावली. पाणी आटलेल्या शरीरात डोक्याचा मार जिवावर बेतू शकतो, हे ताईने आहारशास्त्राच्या अभ्यासात वाचलं होतं. वाचलं होतं म्हणून तर तो बेत होता. आता ते डोळ्यांसमोर घडत होतं.

"उभा राहा रे, चाळीसच सेकंद!" डावखुऱ्याचा कोच त्याला बजावत होता. भावाने पुन्हा हात मागे घेतला.

ताईने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि रिंगमध्ये फेकला.

पंचाने लढत थांबवली. टॉवेल पडला म्हणजे त्या कोपऱ्याने हार मानली. क्षणभर कोणाला काही उमगेना. मग भावाच्या कोचनी तिचा दंड पिरगाळला. "डोकं फिरलंय का तुझं? आपण जिंकत होतो!"

भाऊ दोरांखालून खाली उतरला आणि दोन्ही ग्लोव्हजनी त्याने तिला ढकललं. ती लोखंडी स्टुलावर तोंडावर पडली. ओठ फुटला.

"हातातोंडाशी आलेला घास काढलास!" तो रडत ओरडला. "सख्खी बहीण ना गं तू?"

वर पंचाने विजेत्याचा, म्हणजे डावखुऱ्याचा, हात उंचावला. लोकांनी शिट्ट्या मारून त्याची टर उडवली. आणि कोणीही न मारता डावखुरा गुडघ्यांत मोडला, फळीवर कोसळला. त्याचं अंग झटके देऊ लागलं.

डॉक्टर धावत रिंगमध्ये चढले. "वजनानंतर याच्या पोटात काय गेलंय? लवकर सांगा!"

"सगळं गेलंय साहेब," डावखुऱ्याचा कोच म्हणाला. "पाणी, भात, अगदी भरपेट."

ताई दोरांखालून आत शिरली. हनुवटीवरून तिचं रक्त गळत होतं.

"काही राहिलेलं नाही," ती म्हणाली. "सगळं ओकलाय तो, जिन्याखाली लपून. मी बघितलं होतं. आणि मला आनंद झाला होता."