गाभण हरणी

रायभान पारध्यानं चाळणी हलवली आणि मातीतून काडीएवढी हाडं वर आली. उत्खननाच्या मॅडम हरखल्या. "पोटातलं पाडस! म्हणजे गाभण हरणी मारली. कोवळं मांस आवडत असणार हजारो वर्षांपूर्वीच्या त्या शिकाऱ्यांना."

म्हातारा रायभान चाळणी ठेवून खाली बसला. "आवडीनं न्हाई, बाई. गाभण हरणी फाशात घावली तर आमी सोडतो. पुढच्या सालाचं खाणं असतंय ते."

"मग यांनी का नाही सोडली?"

त्यानं खड्ड्याच्या भिंतीकडं पाहिलं. हाडं निघालेल्या थराच्या वर नुसती कोरी माती होती. ना चुलीची राख, ना हाड.

"पुढचं साल दिसतच नसंल त्यांना." त्यानं हाडं हलकेच तळहातावर घेतली. "दुष्काळात म्याबी मारली हुती एक. घरी पोचलो, तवर खाणारं लेकरूच उरलं न्हवतं."