जळक्या तेलाचा वास

"उस्ताद, वर्ष झालं, गाडीत जळक्या तेलाचा वास येतोय. बाबा मेले आणि हे डबडं माझ्या गळ्यात मारून गेले," मेदेर नाकाला रुमाल लावून म्हणाला. राजधानीत, बिश्केकात साहेब झालाय ना! आरशाला अत्तराच्या तीन बाटल्या लटकवल्या होत्या.

मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट वाळून कडक झालं होतं. तिथून झिरपलेलं तेल थेट सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर ठिबकत होतं.

"आंधळ्यालाही सापडलं असतं हे. तू मात्र अत्तर लावत बसलास."

नवं गॅस्केट बसवलं, नळी घासून पुसली, इंजिन चांगलं तापवून बघितलं. वास गेला.

तेवढ्यात शेजारून तळणाचा वास आला. शुक्रवार होता. बुरुल वहिनी दिवंगत नवऱ्याच्या नावानं बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. मेलेल्या माणसापर्यंत आपल्याकडून तेवढा गरम तेलाचा वासच पोचतो, त्यावरच त्याचं पोट.

"तुझ्या घरी बापाच्या नावानं कढई कधी चढली होती रे?"

"कढई? छे! बायकोला तो वास सहन होत नाही. पडद्यांना, कपड्यांना, सगळीकडे बसतो."

मी चावी त्याच्या हातावर आपटली.

"घे. गाडी दुरुस्त झाली. आजपासून तुझा बाप उपाशी."